बावखलातला डावखुरा

—नको, उठू नको. पडून राहा, शत्रुघ्ना. मी आहे, नथूदादा. अरे, असा भिंतीकडं काय सरकतोस, ती सलाइनची नळी ओढली जाईल— हे बघ, हात रिकामे आहेत माझे. म्हंजे अगदीच रिकामे नाहीत, केळी आनलीत तुला. राजेळी. आपल्या वाडीतली नाहीत, आपल्या वाडीत आता उभं काय राहिलंय, बाजारातनं घेतली. निर्मळच्या नथूनं केळी विकत घेतली! त्या बाईनं दोनदा विचारलं, तुम्हालाच पाहिजेत का म्हनून— अरे हां. जबडा तारेनं बांधलाय नाही का तुझा. चावनार कसा तू. बघ, डोकं चालत नाही माझं हल्ली. असू दे, तुझी बायको, मीरा खाईल, पोरं खातील. इथं ठेवतो, औषधांच्या बाजूला. आनि असा बघू नको रे माझ्याकडं. मी भांडायला आलेलो नाही. मी एवढंच सांगायला आलो की चूक झाली. झाली, मान्य! नथूच्या तोंडातनं हा शब्द कधी ऐकला होतास तू? बायजानं पन नाही ऐकलेला, लग्नाला इतकी वर्षं झाली. तिला सांगून आलोय, जातो नि शत्रुघ्नाची माफी मागून येतो. तर ती हसलीच. हसली म्हंजे— तोंड वाकडं केलं नि चुलीकडं गेली.

आनि दुसरं एक. पोलीस येनार आहेत ना आज दुपारनं, तुझा जबाब घ्यायला? येनारच. तुला बोलता येत नाही, डावा हात प्लास्टरमध्ये, म्हंजे लिहिता पन येत नाही. ते विचारतील नि तू मान हलवनार, हो की नाही. तर मला वाटलं, त्यांच्या आधी आपन दोघं भावांनी— चुलत असलो म्हनून काय झालं, एका बावखलाच्या, एका तळ्याच्या पान्यावर वाढलेलो आपन, तुझी वाडी त्या काठाला, माझी या काठाला— दोघांनी ठरवून घेऊ कशाला मान हलवायची ते. नारळावरनं पडलास. बस. आपल्याकडं कोन पडत नाही नारळावरनं? हात मोडतो, जबडा मोडतो, बरगडी जाते. सगळं बसतं त्यात. पाठीवरचे वळ कसले विचारलं तर म्हंजे— झावळ्या लागल्या. उगाच चौकी, कोर्ट, वकील, कशाला घराची अब्रू वेशीवर टांगायची? मान हलव बघू एकदा. नको? आत्ता नको? बरं, नको. आधी ऐकून घे.

तू वाडी बघितली नव्हतीस ना त्या रविवारी? तू बघायला आलास ते नंतर, दोन दिवसांनी, सगळं उचलून झाल्यावर. मी बघितली. तुळिंजला हळदीला गेलेलो आम्ही सगळे, मुक्काम केला, दुपारी परत आलो— बायजा पुढं होती, फाटकातच थांबली. पिशवी खाली ठेवली. अरे, लोंगर धरलेली, घड लागलेली केळ, महिनाभरात उतरवायची, नि एक उभी नाही! एक नाही! सगळी आडवी, एकीवर एक, कोवळी केळी चिरडून मातीत घुसलेली, चीक गळतोय, माश्या घोंघावतायत. केळ कापली की तिचं पानी किती वेळ गळत राहतं माहीत आहे ना तुला— सबंध वाडीत तेवढाच आवाज, टप टप टप. आनि कापली कशी? कापायची तर बुडाशी कापतात. चोर असता तर लोंगर उतरवून घेऊन गेला असता. यानं बुडाशी नाही कापली. मानेशी कापली. सगळी एकाच उंचीवर. खाली खुंट तसेच उभे नि वर काही नाही. मी त्यांच्यामधनं चालत गेलो नि मला— मला वांती झाली, शत्रुघ्ना. गडीमानसासारखा गडीमानूस मी, बावखलाच्या कडेला बसून ओकलो. आनि तेव्हाच ठरवलं, ज्यानं हे केलं त्याचा तो हात मी ठेवनार नाही. बायजासमोर बोललो. प्रितेशसमोर बोललो. तो पहाटेच पुढं निघून आलेला ना पंप चालू करायला, तर म्हनाला, मी आलो तेव्हा असंच होतं, बाबा. मी त्याला एक लावली कानाखाली, की मग फोन का नाही केलास म्हनून.

आता तो फोटोवाला. संकेत. गोखिवऱ्याला फ्लॅट आहे त्याचा, मुंबईला ब्यांकेत जातो, नि सुट्टीच्या दिवशी स्कूटर घेऊन आपल्याकडं येतो पान्याचे फोटो काढायला. पान्याचे! वर एवढी हिरवीगार वाडी, फुलं, देऊळ, तलाव— ते नाही काढायचं. ते पान्यात कसं दिसतं ते काढायचं. काठावर पोट टेकून झोपतो नि खाली बघत राहतो. मी विचारलं होतं एकदा, तुला सरळ जग दिसत नाही का रे? तर म्हनतो, काका, पान्यात ते मोडतं, मोडलं की त्याचं नाव जातं, नि नाव गेलं की मानूस खरं बघायला लागतो. असं काहीतरी. मी म्हटलं, झोप बाबा, फक्त माझं आळू तुडवू नको. तर हा त्या रविवारी सकाळी तिथंच होता. तुझ्याच बाजूच्या काठावर, करंजाच्या मागं. समोर माझी वाडी कापली जात होती नि हा खाली बघत होता! कोयत्याचा आवाज आला म्हनतो, त्याला वाटलं कोनी केळी उतरवतंय. पान्यात हिरवं-पिवळं हलत होतं ते त्याला आवडलं, त्यानं काढलं. मान वर केली नाही. अशा मानसाला काय करायचं तू सांग. त्याला दोन ठेवून द्यायला पाहिजे होत्या आधी. त्यालाच द्यायला पाहिजे होत्या.

मग ते प्रदर्शन. वसईतला तो हॉल, तू आला नव्हतास, आम्ही गेलो सगळे, आपल्याच बावखलाचे फोटो म्हटल्यावर कोन घरी बसनार? युजीन आलेला, रामनाथ आलेला, वरच्या आळीतल्या बायका साड्या नेसून. तिथं याची गंमत अशी की चौकटी एकेका खिळ्यावर, मधोमध टांगलेल्या, नि खाली पाटी— फिरवून बघा. म्हंजे खालची बाजू वर करायची. आनि खरं सांगू, मजा होती ती. एक फोटो होता, नुसता पांढरा-निळा. असा ठेवला की बायका म्हनायच्या, किती शांत वाटतं, झोप येईल. तोच फिरवला की रामनाथ म्हनतो, आभाळ भरून आलंय, छत्री आनली का? रंग तेच, कागद तोच! दुसरा एक लाल होता, तो असा धरला की शालू, नि फिरवला की आग लागलेली. युजीनची बायको त्याच्यासमोर उभी राहून रडली, का ते तिला पन सांगता येईना, नवऱ्यानं फिरवला नि ती हसायला लागली. संकेत प्रत्येकाच्या मागं फिरत होता, काय दिसलं, काका? आता काय दिसलं, काकू? म्हनतो, खालचं वर गेलं की मानूस आपोआप गोष्ट शोधायला लागतो. डोकं वर नि पाय खाली असं काही सापडलं की त्याला चैन पडतं. सापडेपर्यंत तो नुसता रंग बघतो, सापडलं की रंग बघनं सोडून देतो. हे त्याचं बोलनं मला आत्ता कळतंय. तेव्हा मी भजी कुठं मिळतात ते बघत होतो.

तो फोटो शेवटच्या भिंतीला. हिरवा, पिवळा, मधे एक काळपट पट्टा, नि एक चकाकती रेघ. सगळे म्हनाले देवळाचं तोरन. कोनी म्हनालं मोर. मला स्वतःला फुलांचा हारा, टोपला दिसला, बाजाराला न्यायला भरलेला. चांगला होता, शपथ सांगतो, घरात लावावा असा. आनि बायजानं तो फिरवला. सहज, पोरीसारखी. फिरवला, दोन पावलं मागं आली नि म्हनाली, अहो, हा मानूस आहे. बस. ती बोलली नि सगळ्यांना तोच दिसला. तोरन गेलं, मोर गेला, मला माझा हारा परत शोधून सापडला नाही. मानूस— पाय खाली, डोकं वर, तोंड नाही, तोंडाच्या जागी पानी मोडलेलं, पन अंग वळलेलं, एक हात कमरेवर, एक हात वर, नि वरच्या हातात ती चकाकती रेघ. कोयता. मागं माझी केळ, अर्धी कललेली. आनि मग रामनाथ, त्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतंच, तो म्हनाला, डावा हात आहे.

डावा हात. संपलं. आपल्या आळीत डाव्या हातानं कोयता चालवनारा कोन? एकच. लहानपनी आजीनं तुझा हात खाटेला बांधून ठेवलेला, तरी सुटला नाही. नाव कोनी घेतलं नाही हां तुझं. नाव घ्यायची गरज नव्हती. सगळे फोटोकडं बघत होते ते माझ्याकडं बघायला लागले. तुला नाही कळायचं ते. तुझ्याकडं लोक कधी तसं बघत नाहीत, तू गरीब, तू सरळ. माझ्याकडं बघतात! नथू काय करनार आता? पंपाच्या पाळीवरनं तुझं-माझं वाजलेलं सगळ्यांना माहीत. नथूनं हात ठेवनार नाही म्हनून सांगितलेलं पन सगळ्यांना माहीत, मीच सांगत फिरलो होतो. मी ती चौकट खिळ्यावरनं उतरवली, काखेत मारली नि निघालो. संकेत मागनं ओरडतोय, काका, ती प्रिंट, काका, ऐका, पान्यातलं आहे ते— मी थांबलो नाही.

तर अशी चूक झाली. आता कळलं ना? फोटोनं फसवलं, शत्रुघ्ना. मला नाही, सगळ्या आळीला फसवलं. तू पन बघितलास ना, ग्रुपवर टाकला होता कोनीतरी? हे बघ, आता मला कळलंय ते कसं ते, तुला दाखवतो. मी उभा राहतो तुझ्यासमोर, हा माझा उजवा हात वर. तुला कुठं दिसतो? तुझ्या डाव्या बाजूला. आता मी बावखलाच्या काठावर असा उभा, तू समोरनं पान्यात बघितलंस तर माझं डोकं खाली गेलं, पाय वर. पन हात? हात तिथंच, तुझ्या डाव्याच बाजूला. पानी फक्त डोकं खाली करतं, बाजू बदलत नाही. फोटो निघाला तो असा. आता तो उचल नि गरकन फिरव, डोकं वर आनायला— डोकं आलं वर, पन हात गेला ना पलीकडं! उजव्याचा डावा झाला! डोकं सरळ करायला गेलो नि हात वाकडा झाला. जो मानूस त्या फोटोत आहे, तो उजव्या हाताचा आहे. तू नाहीस. तू नव्हतासच. आळीतला कोनीही असेल, सगळी आळी उजव्या हाताची. झालं? एवढीशी गोष्ट, शेंबड्या पोराला आरशासमोर उभं केलं तर समजेल. मला पन तसंच समजलं. तुला इथं आनल्यावर. दोन-तीन दिवसांनी. ती चौकट मी पलंगाला टेकवून ठेवली होती, समोर कपाटाचा आरसा, मी पायातली चप्पल काढायला वाकलो नि वर बघितलं तर आरशात तो मानूस, बाजू पलटलेला. उजव्या हातात कोयता. डावा हात कमरेवर. त्या आरशावर अशी बुक्की हानली की काच दाराबाहेर उडाली, इथं, ही बघ खून, बोटांच्या मुळाशी, टाके घालायला पाहिजे होते. बायजानं धावत येऊन फडकं बांधलं नुसतं, नि तेही ढिलं, रक्तानं ओलं झालेलं, बांबूवरनं हात सारखा घसरायला लागला म्हनून मग मी दोन्ही हातांनी धरून—

काय? काय बघतोस?

माझ्या हाताकडं बोट दाखवतोस— त्या दिवशीचं फडकं तू बघितलंस म्हनतोस. बघितलंच असशील, तुझ्या नाकासमोर होतं. बरं. बरं बाबा! आधी. आधी आरसा, मग तू. झालं समाधान? त्याच संध्याकाळी. हॉलमधनं घरी, घरात आरसा, नि आरशातनं तुझ्या अंगनात. मला माहीत होतं, तुझ्या फाटकाची कडी उघडताना मला माहीत होतं की तू नाहीस. डोळे नको वटारू. तुला वाटतं मला मजा आली? अरे, माझ्यामागं आळी उभी होती! रामनाथ होता, युजीन होता, पोरं मोबाइल काढून तयार. त्यांना सांगू, की चला घरी, हा तो नाही? मग तो कोन? मग त्यांनी परत फोटो बघितला असता. परत फिरवला असता. त्या संकेतला बोलावलं असतं, त्यानं पान्याचं समजावलं असतं. आनि कोनीतरी म्हनालं असतं, कमरेवर हात ठेवून कोयता कोन मारतं रे?

तुला माहीत आहे कोन मारतं. तू हसायचास त्याला. लहान होता तेव्हापासनं तसाच— उजव्या हातात कोयता नि डावा कमरेवर, साहेबासारखा. मी त्याला त्याच्यासाठी फोडलाय. दुसऱ्या हातानं केळ धर म्हनायचो, मागनं येऊन कोपरावर दांडा मारायचो, तरी परत हात कमरेवर. एकदा तो हात पाठीला बांधून अख्खा दिवस काम करून घेतलं. नाही गेली खोड. आरशात मी तोंड नाही बघितलं, शत्रुघ्ना, तोंड नव्हतंच तिथं. मी ते कोपर बघितलं. माझ्या मारानं वाकडं झालेलं कोपर, ते मी नाही ओळखनार तर कोन ओळखनार?

आता म्हन. म्हन की पोरानं बापाची वाडी का कापली. गोखिवऱ्याला कारखान्यात लागला होता तो, मला न विचारता. मी गेलो, गेटमधनं आत, नि कॉलर धरून बाहेर काढला. सायकलची ट्यूब पडलेली तिथं, तिनंच बडवला रस्त्यावर. सगळे कामगार बघतायत. ऑफिसात बसते ती खुशी, तिच्यावर याचं मन होतं म्हनतात, ती खिडकीत. तो उलट बोलला नाही. वयात आलेला पोरगा, माझ्यापेक्षा हातभर उंच, नुसता उभा राहिला नि मार खाल्ला, माझा हात दुखेपर्यंत. मला वाटलं, बरोबर आहे, अजून धाकात आहे. नि मग त्या खुंटांमध्ये उभा राहिलो होतो ना मी, तेव्हा नाही कळलं, आरशासमोर कळलं, की ती सगळी केळ माझ्या मानेच्या उंचीवर कापलेली आहे. माझ्या. एकूनएक. त्यानं मला मारलं नाही, शत्रुघ्ना, म्हनून ती मारली. तेवढ्या वेळा. हे ज्या बापाला कळतं त्यानं कुठं जायचं सांग! मी तुझ्याकडं आलो. दुसरं कोनी नव्हतंच मला.

हात मोडायचाच होता, ते मी बोललेलो होतो, त्याशिवाय आळी हलली नसती. म्हनून तुझा हात पायरीवर ठेवला नि केळीचा टेकू, तो बांबू, घातला त्याच्यावर. एकदा. एकदाच, दोनदा नाही— दोनदा घातला का? पाठीवरचे रागाचे होते, ते मोजू नको. पन जबडा माझ्या मनात नव्हता. देवाशपथ नव्हता. तू बोलायला लागलास! पडल्यापडल्या, तोंडात माती, नि तू म्हनतोस, दादा, ऐक, पान्यातला फोटो फिरवला की हात— सगळ्यांसमोर! युजीन पुढं वाकला होता ऐकायला. तू अजून दोन शब्द बोलला असतास तर झालं असतं. मग मी बांबू तोंडावर आनला. आवाज कसा झाला तो मी विसरत नाही. नि त्याच्यानंतर तुझा आवाज आला नाही, नि मला— खरं सांगू? मला बरं वाटलं. हायसं वाटलं. आळी म्हनाली, सोड, नथू, मरेल तो, नि मी सोडला.

तू तेव्हाच समजलेला होतास ना? हाताचं? पन तुला एवढंच वाटत असेल की नथू डोक्यानं जड, रागानं आंधळा, त्याला पान्याचं गनित कुठलं कळायला. तसंच वाटू द्यायचं होतं मला. मी तसंच ठरवून आलो होतो इथं, चूक झाली, फोटोनं फसवलं, माफ कर, नि मान हलव. माझं तोंड म्हंजे— तुझा जबडा बांधला, खरं तर माझा बांधायला पाहिजे. पन आता ऐकलंस तर ऐकलंस. आता हे बघ. मला टाका आत, मला काही नाही त्याचं. पन केस झाली की तो फोटो जानार, तपासनारे शहाने लोक असतात, ते तो पहिल्या फेरीत सरळ करतील, नि मग त्यांना कोपर दिसेल. पोरगं जाईल माझं. नि तो नाकारनार पन नाही, मला माहीत आहे, तो तसाच उभा राहील, त्या दिवशी राहिला तसा. म्हनून सांगतो— नारळावरनं पडलास. पंपाची पाळी तू ठरव, आजपासनं. बावखल सगळं तू घे. मी तुझ्या काठाला पाय ठेवनार नाही. पाया पडतो तुझ्या, हे बघ, मोठा भाऊ असून पडतो. मान हलव, शत्रुघ्ना. नुसती मान. एवढं होत नाही तुझ्याच्यानं? हलव म्हनतो ना! ही तार दिसते ना तुझ्या दातांवरची, ही मी आत्ता, या बोटानं— एक हिसका द्यायला लागतो फक्त— ओरडता पन येनार नाही तुला— प्रितेशचं नाव जर तुझ्या डोळ्यात पन दिसलं मला, तर हा हात राहिलाय ना तुझा, उजवा, हा पन मी—

तो कुठं चाललाय हात? काढ. बटनावरनं बोट काढ. बेल कशाला वाजवतोस, मी काही केलं का? अजून लावला नाही मी हात तुला, बघ, मागं झालो मी, हा बघ भिंतीला लागलो—

काही नाही, सिस्टर, या, या. फ्लॉसी सिस्टर ना तुम्ही? आपल्याकडच्याच. भाऊ आहे माझा, चुलत. जरा बोलत होतो आम्ही, म्हंजे मीच, तो कुठं बोलनार. घाम? हो, उकडतंय त्याला. निघतोच मी, पोलीस यायच्या आत निघायचंच आहे— काय? काल? काल येऊन गेले? नाही, मला कोनी— मीराशी बोलनं नाही आमचं. जबाब झाला? यानं दिला? मान हलवून. कशावर मान हलवली यानं, सिस्टर? तुम्ही होतात ना इथं?

नारळावरनं.

नारळावरनं पडलो म्हनून. कोनी सांगितलं नाही त्याला? याच्याच मनानं? साहेबांनी तीनदा विचारलं नि तीनदा— शत्रुघ्ना. अरे, तू आधीच— मग मी आत्ता तासभर हे सगळं तुला— बघ ना इकडं. शत्रुघ्ना, मी काही बोललो नाही, विसर, मी केळी द्यायला आलो होतो—

काय मागतोय तो, सिस्टर? बोटानं काय दाखवतोय? कालचं? कालच्या साहेबांना परत बोलवायचं म्हनतोय? नाही हो, गोळीची गुंगी आहे त्याला, त्याला समजत नाही. परत विचारा त्याला. नीट विचारा, माझ्यासमोर विचारा, जबाब बदलायचाय का म्हनून— नको. नका विचारू, सिस्टर.